चौथं पाऊल

या, जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा, चहा झाला असेल तर कप बाजूला सारा. आज जे आख्यान लावायचं आहे ते कुठल्या पोथीत सापडणार नाही. त्यात देव आहे, पण तो गाभाऱ्यात कमी आणि रुळांवर जास्त. एक लेक आहे, तिचा बाप आहे, आणि साऱ्या देशाचे रूळ ज्याला ऐकू येत होते असं एक यंत्र आहे. यंत्राचं नाव श्रवण. भक्तीच्या नऊ वाटांमधली पहिली वाट श्रवणाची, हे नाव ठेवणाऱ्या साहेबांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्या लेकीच्या बापाला मात्र नाव ऐकताच भरून आलं होतं.

लेकीचं नाव ज्ञानदा खटिंग. परभणीकडच्या हिवरवाडीची, शिकून इंजिनिअर झालेली. नागपूरला लोहमार्ग महामंडळाचं मोठं नियंत्रण केंद्र उभं राहिलं तिथं ती लागली. बाप मुंजाजी खटिंग रेल्वेच्या गँगचा मुकादम. गँग म्हणजे रुळांची निगा राखणारी टोळी. खडी ठोकायची, पहारी लावून रूळ सरळ करायचा, उन्हानं लोखंड फुगलं की त्याला शांत करायचं. दहा माणसांनी एका दमात जोर लावायचा तर कुणीतरी आरोळी द्यावी लागते. इतर गँगमध्ये त्या आरोळ्या बायाबापड्यांनी कान झाकावेत अशा. मुंजाजी माळकरी माणूस. त्यानं आपल्या गँगला पावलीवर कामाला लावलं.

पावली तुम्हांला सांगायला नको, दिंडीत भजनाबरोबर पाय टाकतात ती. हिवरवाडीची पावली गावापुरती वेगळी होती. तीन पावलं हलकी, अलगद, जणू जमिनीला विचारून टाकलेली, आणि चौथं टाचेवर जड. मुंजाजी नाम घ्यायचा, तीन पावलं सरायची, चौथ्याला दहाही माणसं पहारीवर पडायची आणि रूळ निमूट सरकायचा. गँगमधला चावीवाला, म्हणजे रुळाच्या चाव्या तपासत रोज लाईन चालणारा अन्वर, तोही त्याच पावलीनं चालायचा. म्हणायचा, "मुकादम, तुमच्या नादानं माझी चाल बिघडली. बायको विचारती, नाचत का येताय घरी."

आता यंत्राचं थोडं ऐकून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रुळांच्या कडेनं जमिनीत काचेची तार पुरलेली असते, केसासारखी बारीक. मुळात ती फोन आणि निरोपांसाठी. तिच्या एका टोकातून उजेडाचा क्षणभराचा थेंब सोडला की तो पुढं धावतो. पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक खोट राहतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून कणभर उजेड माघारी फिरतो. वरून कुणी चाललं की जमीन हादरते, त्या जागी तार इवलीशी ताणली जाते आणि माघारी येणारा उजेड बदलतो. किती वेळानं परतला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून धक्का कळतो. म्हणजे पुरलेली तार हा एक लांबच लांब कान झाला. म्हैस चालली, माणूस चाललं, रुळाला चीर गेली, सगळं त्याला ऐकू यायचं. अडचण एवढीच की ऐकणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. ओळखायला शिकवावं लागतं. हजारो आवाज यंत्राला ऐकवायचे आणि प्रत्येकाचं नाव सांगायचं. लहान मुलाला हा काऊ, ही चिऊ म्हणतो तसं. हे नाव सांगायचं काम ज्ञानदाचं होतं.

आवाज गोळा करायला ती पहिल्यांदा गेली ती आपल्याच गावच्या लाईनीवर. मुंजाजी पहारीला टेकून बघत राहिला.

"काय ऐकायलंय हे तुझं यंत्र?"

"तुमची पावलं, दादा."

"आजवर साहेब लोकांनी आमचं तोंडानं सांगितलेलं कधी ऐकलं न्हाई," मुंजाजी म्हणाला. "आता पायाचं ऐकायलेत. चला, वरून न्हाई तर खालून."

गँग हसली. ज्ञानदाही हसली. त्या दिवशी मुंजाजीनं गँगला अशी काही पावली धरायला लावली की पडद्यावर उमटलेल्या लाटा रांगोळीसारख्या दिसत होत्या.

श्रवण सुरू झाला आणि पहिल्याच महिन्यात पंचाईत झाली. रुळावर माणूस ऐकू आलं की यंत्र गाडीचा ब्रेक लावायचं. चांगलीच गोष्ट. पण गँगही माणसंच. देशभर जिथं जिथं गँग कामाला, तिथं तिथं गाड्या उभ्या. महामंडळात ठरत आलं की रुळांवरून माणसंच उठवायची, कामाला यंत्रं आणायची. ज्ञानदाला ते कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं बापाचं रिकाम्या हातांचं म्हातारपण उभं राहिलं. आई गेल्यापासून त्या माणसाला दोनच आधार होते, लाईन आणि भजन.

तिनं तोड काढली. यंत्राला माणसांची दोन नावं शिकवली. परके आणि आपले. परकं पाऊल ऐकू आलं की ब्रेक, कसलाही विचार न करता. आपलं पाऊल ऐकू आलं तर थांबायचं नाही. वेग थोडा कमी करायचा, दोन आखूड शिट्ट्या द्यायच्या आणि गँगच्या मनगटावरचे पट्टे थरथरवायचे. आपली माणसं शहाणी, ती बाजूला होतात. ओळखायची खूण एकच, एका तालात पडणारी पावलं. नमुना म्हणून तिनं दिला तिच्याजवळचा सगळ्यांत स्वच्छ आवाज. हिवरवाडीचा.

मग देशभरच्या गँगना ती चाल शिकवायला लागले. केरळात, आसामात, मारवाडात माणसं तीन हलकी आणि चौथं जड टाकत कामाला निघू लागली, कारण तसं चाललं तर यंत्र हमखास आपलं म्हणायचं. मुंजाजीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "साऱ्या देशाला पावलीवर आणलंस गं माय," तो फोनवर म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण एक सांग. परक्यासाठी गाडी थांबती, अन् आपल्यासाठी न्हाई?"

"आपले हटतात ना, दादा. म्हणून."

"बरोबर हाय. घरच्यासारखंच झालं. पाव्हण्यांचा फोन आला की तू निवांत बोलतीस, अन् बाप बोलायला लागला की म्हणतीस, नंतर करते."

"दादा, खरंच मीटिंग आहे."

"तेच म्हणायलोय मी."

पुढं एकदा राजस्थानातल्या कुठल्याशा कवायतीच्या मैदानावरचा आवाज श्रवणनं आपले म्हणून धरला. मैदान रुळाला लागूनच होतं. ज्ञानदानं तो आवाज पुन्हा पुन्हा लावून पाहिला. यंत्राला माणसं ओळखू येत नव्हती, ताल ओळखू येत होता. कुणीही तालात चाललं की ते आपलं. ती तडक तिच्या वरिष्ठांकडे गेली. सुधन्वा पाटणकर नाव त्यांचं, हुशार आणि मनानं वाईट नव्हे असे गृहस्थ.

"कवायत रुळाबाहेर होती," पाटणकर म्हणाले.

"रुळावर असती तरी गाडी थांबली नसती, सर."

"खरं आहे. मग उपाय काय? आपले हा वर्गच काढून टाकायचा. म्हणजे गँग रुळावरून उठवायच्या. लिही तसं, मी सही करतो." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या वडिलांची नोकरी किती राहिली?"

"थोडीच."

"मग बघ. पुढच्या सुधारणेत हे घेता येईल."

ज्ञानदा परत जागेवर आली आणि तिनं काहीच लिहिलं नाही. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं. बापाची थोडी वर्षं सुखात जावीत, एवढंच होतं. श्रोतेहो, आपण सारे असे कितीदा गप्प बसतो आणि त्याला प्रेम म्हणतो.

आता हिवरवाडीकडे चला. नव्या व्यवस्थेत सगळी फाटकं बंद झाली होती. हिवरवाडीचंही झालं. त्याऐवजी रुळाखालून बोगदा दिला, त्यात बारमाही पाणी. म्हशींची सोय झाली. माणसं मात्र रुळावरूनच जायला लागली, आणि त्यांना लवकरच उमगलं की गाडी थांबते. पोरांना शाळेत सोडणारी बाई रुळात पाय टाकायची, लांब वळणापलीकडे गाडी उभी राहायची. बाई निवांत पदर सावरत पलीकडे जायची. म्हाताऱ्या जाताना तारेच्या बाजूला हात जोडायच्या. श्रवण ऐकतोय, असं गावात सहज बोललं जायचं, जसं वर बसलेला बघतोय म्हणतात तसं.

गावचा सप्ताह दरसालचा. काल्याच्या दिवशी सकाळी दिंडी देवळातून निघायची आणि रूळ ओलांडून पलीकडच्या मारुतीला जायची. नवी व्यवस्था आल्यापासून दोनदा गेली होती. दोन्ही वेळा मुंजाजी कामावर होता, लाईनीवर. विणेकरी होता दुसऱ्या गावचा, पायांत कुणाच्या मेळ नव्हता, सगळी विस्कळीत चालली होती. दोन्ही वेळा गाडी सभ्यपणे लांब उभी राहिली.

यंदा मुंजाजी निवृत्त झाला होता.

"वीणा माझ्याकडं दिलीय," त्यानं फोनवर सांगितलं. "महिनाभर पोरांना पावली शिकवायलोय. सगळं गाव एका पायात आणलंय बघ. येतीस का काल्याला?"

"त्याच दिवशी श्रवणचा शेवटचा टप्पा सुरू होतोय, दादा. दिल्लीहून माणसं येणार आहेत."

"बरं. गाडीचं काही न्हाई ना? गाडी अडवायला लाल झेंडी लावायची तर आता बंदी हाय म्हणतो अन्वर."

"थांबते की गाडी. दोन वर्षं थांबतेच आहे ना."

"हाव, थांबती. तू शिकवलेलं यंत्र हाय ते." आवाजात लाड होता. "जा, मीटिंग असंल तुझी."

तिनं फोन ठेवला. सगळं गाव एका पायात, हे शब्द तिच्या कानावरून गेले. कानात गेले नाहीत. यंत्राला ऐकणं शिकवणाऱ्या बाईचं हे झालं.

काल्याची सकाळ उजाडली. नागपूरच्या केंद्रात फुलांच्या माळा, पाहुण्यांसाठी सोफे, भिंतभर पडद्यावर देशाचा नकाशा. परके दिसत ते तांबड्या ठिपक्यांनी, आपले पिवळ्या. पाटणकर पाहुण्यांना समजावून सांगत होते. ज्ञानदाची नजर सवयीनं परभणीच्या बाजूला गेली. हिवरवाडीवर एक पिवळा ठिपका होता. साधा नाही, एवढा मोठा पिवळा ठिपका तिनं कधी पाहिला नव्हता. आज तिथं काम नव्हतं. एवढी मोठी गँग साऱ्या विभागात नव्हती.

मग तिला ऐकू आलं. खोलीत आवाज नव्हता, पडद्यावर नुसत्या लाटा होत्या, तरी ऐकू आलं. तीन हलकी, चौथं जड.

"सर," ती म्हणाली, "हिवरवाडीची गाडी थांबवा."

पाटणकर हसऱ्या चेहऱ्यानंच वळले. "पिवळा आहे ना? आपलेच आहेत."

"ती गँग नाही. ते माझं गाव आहे."

गाडी हातानं थांबवायची तर दोघांचे अंगठे लागत. तिनं आपला ठेवला. पाटणकरांनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्यांचा चेहरा उतरला, ते पुढं आलेही. पण गाडी भरधाव होती, आणि त्या दोन श्वासांत पडद्यावर भलतंच घडलं. पिवळ्या ठिपक्यातून एक कण सुटा झाला. तो गाडीच्या दिशेनं सरकू लागला. थोडा वेळ पिवळाच होता. मग विझल्यासारखा झाला, पुन्हा पिवळा, आणि एकदम तांबडा. परका. एक.

श्रवणनं ब्रेक लावला. पाटणकरांचा अंगठा त्यानंतर टेकला.

गाडी थांबली तेव्हा पिवळा ठिपका जागच्या जागी होता. ज्ञानदानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "वाचले," ती म्हणाली. "सगळे वाचले." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तांबडा कण आता पडद्यावर नव्हता. तिच्या ते लक्षात आलं नाही.

दुपारी अन्वरचा फोन आला.

"चाचा, दिंडी कशी आहे?"

"दिंडी बरी हाय, बेटा." मग म्हणाला, "मुकादम न्हाई."

अन्वरनं सांगितलं ते असं. तो ड्यूटीवर होता, दिंडी बघायला म्हणून रुळाकडेला उभा. पालखी ऐन रुळांत आली होती, मागंपुढं बाया, म्हातारी माणसं, सगळी तल्लीन. वळणावरून गाडी दिसली. कुणी हललं नाही, थांबते म्हणून सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्यात अन्वरच्या मनगटावरचा पट्टा थरथरला, आणि दोन आखूड शिट्ट्या झाल्या.

"मी वरडलो, मुकादम, पट्टा वाजायलाय. आपल्याला गँग धरलंय त्यानं. मुकादमला एका क्षणात कळलं. हटा, हटा म्हणून वरडला. कोण ऐकतंय त्या टाळांत. कुणीतरी हसून म्हणलं, थांबती की मुकादम, तुमच्याच पोरीची गाडी हाय. तवा त्यानं वीणा माझ्या हातात दिली. बेटा, मी आजवर वीणेला हात लावला नव्हता. त्यानं बघितलंसुद्धा न्हाई कुणाच्या हातात देतोय. अन् पळाला. गाडीकडं पळाला."

"गाडीकडं?"

"दारू प्यालेल्यागत. एक पाय लंगडत, कधी दोन उड्या, कधी पाय घासत. लोकांना वाटलं मुकादमला येड लागलं. मला बी कळंना. मग कळलं. तो ताल मोडायला होता."

ज्ञानदानं त्या पावलांचा आवाज नंतर पुन्हा लावला. एकदाच. पहिली काही पावलं अजून तीन हलकी आणि चौथं जड अशीच होती. जन्माची सवय, पाय ऐकेनात. म्हणून तो कण पिवळा राहिला होता. मग एक अडखळ, मग पुन्हा सवयीचं चौथं पाऊल. मग त्या माणसानं, ज्याचा ताल भजनात कधी अर्ध्या मात्रेनंही चुकला नव्हता, आपले पाय बळंच बेताल केले. यंत्रानं तिथं लिहिलं, परका. परक्यासाठी गाडी थांबते, हे त्याला लेकीनंच सांगितलं होतं. रुळातून उतरून चालणार नव्हतं, परका उतरला की यंत्र ब्रेक सोडणार. गाडी दिंडीच्या अलीकडे थांबली. त्याच्या अलीकडे थांबायला जागा उरली नव्हती.

चौकशी झाली. महामंडळाच्या दृष्टीनं यंत्राचं काम चोख झालं होतं. अनोळखी इसम मार्गात शिरला, गाडी थांबवली गेली, मोठी हानी टळली. इसमाची चूक. पाटणकर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तू काही बोलली नाहीस तर इथंच मिटेल. बोललीस तर आपले हा वर्ग जाईल. देशभरच्या गँग उठतील. तुझ्या अन्वरचाचांसकट. विचार कर."

तिनं अन्वरला विचारलं. तो म्हणाला, "बेटा, मुकादमला अनोळखी इसम म्हणायलेत ते. आम्हांला कामावर ठेवतील तर ठेवतील, न्हाई तर न्हाई."

ज्ञानदा बोलली. कवायतीच्या मैदानापासून सगळं, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. तिची जागा गेली ती पुढं, पण आधी गँग उठल्या. केरळातल्या, आसामातल्या, मारवाडातल्या. तीन हलकी, चौथं जड टाकणारी माणसं घरी गेली आणि पुन्हा आपापल्या जुन्या चालीनं चालू लागली. अन्वरनं पट्टा परत केला. हिवरवाडीच्या लाईनीवर आता यंत्रं खडी ठोकतात, त्यांना आरोळी लागत नाही. श्रवण अजून आहे. त्याच्यासाठी आता सगळेच परके. रुळावर कुणीही आलं की गाडी थांबते, आणि तिथं आपलं असं कुणी उरलेलं नाही.

शेवटचं काम तिच्याच हातून करवलं गेलं, कारण नावं तिनं ठेवली होती. आपले या नावाखालचे सगळे आवाज यंत्राच्या स्मरणातून पुसायचे. त्यात तिच्या बापाचा पहिला नमुना होता, त्या रांगोळीसारख्या लाटा, आणि मागं कुठंतरी गँगचं हसणं. यंत्रानं विचारलं, नक्की पुसायचं? तिनं बटण दाबलं. पडदा स्वच्छ झाला. त्याला फार वेळ लागला नाही.

ती हल्ली गावात असते. काल्याच्या सकाळी दिंडी निघते, रुळापाशी येते, आणि तिथं भजन थांबवतात. टाळ बगलेत, माणसं कशीही, वेडीवाकडी, एकमेकांकडे न बघता रूळ ओलांडतात. पलीकडे गेल्यावर वीणा अन्वरच्या हातातून विणेकऱ्याकडे जाते. तेवढी रुळांपुरती ती त्याच्याकडे असते, गावानं ठरवूनच टाकलं आहे. मग पुन्हा पावली धरतात.

तर श्रोतेहो, श्रवण झालं, कीर्तन झालं. तिसरी वाट स्मरणाची, ती यंत्राच्या हाती राहिली नाही. म्हणून तुमच्यापाशी मागणं आहे. घरी जाताना, पाय आपोआप तालात पडायला लागले तर चौथ्या पावलाला जरा थांबा, आणि हिवरवाडीच्या मुंजाजी मुकादमाची आठवण काढा. तो अनोळखी इसम नव्हता.